काम चालू, काळ अपूर्ण

महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या वर्गांत राम पिढ्यान् पिढ्या आंबा खातो आहे. फळ्यावर तीन उभे रकाने, चार आडव्या ओळी, एकूण बारा काळ आणि बाराही चौकटींत हाच राम, हाच आंबा. पहिल्या चौकटीत तो 'ईट्स', दुसरीत 'इज ईटिंग', तिसरीत 'हॅज ईटन' आणि चौथीत तर 'हॅज बीन ईटिंग सिन्स मॉर्निंग'. सकाळपासून एक आंबा! देवगडचा हापूस असला तरी एवढा वेळ लागायचं कारण नाही. पण वर्गात कुणी तशी शंका काढलीच तर मास्तर म्हणतात, "आंब्याकडे नको, क्रियापदाकडे बघ." शेवटच्या चौकटीत राम 'विल हॅव बीन ईटिंग'पर्यंत पोचतो तेव्हा तास संपतो. ती चौकट परीक्षेला येत नाही आणि पुढे आयुष्यातही क्वचितच येते.

या तक्त्यातली खरी मेख मात्र पहिल्याच चौकटीत आहे. 'राम ईट्स अ मँगो' याला म्हणायचं वर्तमानकाळ, आणि वर्तमानात राम काय करतोय याचा त्यात पत्ता नाही. तो झोपलेला असेल, रांगेत उभा असेल, मधुमेहामुळे आंबा सोडूनही बसला असेल. हे वाक्य फक्त त्याची सवय सांगतं. हातात सिगरेट नसलेला इंग्रज 'आय स्मोक' म्हणतो आणि हातात असली तर 'आय अ‍ॅम स्मोकिंग'. पहिलं वाक्य डॉक्टरला सांगायचं, दुसरं बायको स्वतःच येऊन बघते.

मराठी माणूस एवढी कडक शिस्त पाळत नाही. 'काय करतोस?' हा आपला प्रश्न दोन्ही घरचा पाहुणा. फोनवर मित्राने विचारला तर 'काही नाही, लोळतोय' हे बरोबर उत्तर. हाच प्रश्न मुलगी बघायला गेल्यावर तिच्या वडिलांनी विचारला आणि तेच उत्तर दिलं, तर पोहे तिथेच थांबतात. इंग्रजीत 'व्हॉट डू यू डू' म्हणजे नोकरी आणि 'व्हॉट आर यू डुइंग' म्हणजे लोळणं, अशी सोय आहे. एकच काम दोन्ही प्रश्नांचं उत्तर असणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या नात्यात एखाददुसरी असतात, तो भाग वेगळा.

इंग्रजांनाही हा 'आयएनजी' काही जन्मापासून असा अंगवळणी पडलेला नव्हता. १६००च्या आसपास शेक्सपिअरने 'हॅम्लेट' लिहिलं. त्यात राजपुत्र पुस्तक वाचत येतो, तेव्हा पोलोनियस त्याला काय वाचता म्हणून विचारतो, तेही साध्या वर्तमानकाळात. आपल्या शाळेत पोलोनियसचा अर्धा गुण कापला गेला असता. फ्रेंच आणि जर्मन माणसं आजही रोजचं खाणं आणि आत्ताचं खाणं एकाच रूपात उरकतात, फारच अडलं तर वर दोन शब्द जोडतात. इंग्रजीने मात्र त्यासाठी वेगळा संसार थाटला. त्याची एक वाट अशी : जुन्या काळी माणूस 'ऑन हंटिंग' असे, म्हणजे शिकारीवर. त्या 'ऑन'चा झिजून 'अ' झाला, तो 'अ-हंटिंग' म्हणू लागला आणि पुढे तो 'अ'ही गळाला. आपल्याकडेही माणूस कामावर असतो. कामावर असतो म्हणजे काम करत असतोच असं नाही, पण व्याकरण त्याला सांभाळून घेतं.

अठराव्या शतकातला इंग्रज तर 'द हाउस इज बिल्डिंग' असं म्हणत असे. घर बांधतंय. कोण बांधतंय, कुणाच्या पैशाने, नकाशा मंजूर आहे का, काही विचारायचं नाही. त्या शतकाच्या अखेरीला 'इज बीइंग बिल्ट' हा प्रकार निघाला. त्याचं एक गाजलेलं जुनं उदाहरण कवी रॉबर्ट साउदीच्या १७९५ सालच्या पत्रात सापडतं. विषय आहे न्हाव्याने मुळासकट उपटत आणलेल्या एका दाढेचा. चालू असलेली क्रिया आणि ती सोसणारा माणूस यांना एका वाक्यात बसवायला दाढेपेक्षा योग्य जागा कुठली? तरीही पुढची कित्येक वर्षं शिष्ट मंडळी या रचनेवर नाक मुरडत होती. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन गृहस्थांनी १८७०च्या आपल्या पुस्तकात तिच्याविरुद्ध अख्खं प्रकरण खर्ची घातलं. आज हीच रचना नसेल तर जगातले निम्मे बिल्डर ग्राहकाचा फोन उचलणार नाहीत.

इंग्रजी व्याकरणकार या रूपाला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात, म्हणजे प्रगतीवर असलेलं. मराठी व्याकरणकार त्यालाच अपूर्ण काळ म्हणतात. काम तेच, फक्त एक अहवाल ठेकेदाराने लिहिलेला आहे आणि दुसरा रहिवाशांनी. शाळेतली मुलं याला सरळ 'चालू वर्तमानकाळ' म्हणतात आणि मला वाटतं, तीच खरी वैयाकरण. कारण हा काळ दोन्ही अर्थांनी चालू आहे.

वर्षानुवर्षं माणसांची बोलणी ऐकून माझं असं मत झालंय की चालू क्रियापद हे कधीच नुसती माहिती देत नाही. प्रथम पुरुषी आलं तर ती सबब असते, द्वितीय पुरुषी आलं तर तक्रार आणि तृतीय पुरुषी आलं तर चहाडी. व्याकरणाच्या पुस्तकात ही तीन नावं छापली असती तर आपलं इंग्रजी कितीतरी लवकर सुधारलं असतं.

सबबीपासून सुरुवात करू. कचेरीत सकाळी उभ्या-उभ्या मीटिंग होते, तिथे प्रत्येक जण 'आय अ‍ॅम वर्किंग ऑन इट' म्हणतो. हे खोटं नसतं. याला तत्त्वज्ञानाचा भक्कम आधार आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदांच्या चार जाती लावून दिल्या. जाणणं, असणं यांसारख्या नुसत्या स्थिती. धावणं, ढकलणं यांसारख्या कुठेही थांबवता येणाऱ्या क्रिया. घर बांधणं यासारखी शेवट असलेली कामं. आणि शिखर गाठणं यासारख्या क्षणात घडणाऱ्या गोष्टी. १९७०च्या दशकात डेव्हिड डाउटी या भाषाशास्त्रज्ञाने यातल्या एका कोड्यावर बोट ठेवलं. एखादा माणूस हातगाडी ढकलत होता असं म्हटलं, तर त्याने हातगाडी ढकलली हे आपोआप खरं ठरतं. पण तो रस्ता ओलांडत होता असं म्हटलं, तर त्याने रस्ता ओलांडला हे खरं ठरत नाही. विद्वानांनी यावर जाडजूड पुस्तकं लिहिली. संध्याकाळी सहाला पुण्यात कर्वे रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं असतं तरी भागलं असतं.

तेव्हा 'मी रिपोर्ट लिहितोय' या वाक्याने रिपोर्ट होईल असं वचन दिलेलंच नसतं. वचन साहेब स्वतःच्या मनाने काढतात. सरकारी कामांना तर हा काळ वरदान आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. दर वर्षी कोकणातला चाकरमानी गणपतीला निघतो आणि दर वर्षी त्याला गणपतीच्या आधी काहीतरी आश्वासन मिळतं. बारा वर्षं उलटली तरी हा महामार्ग इंग्रजीच्या मास्तरांना 'हॅज बीन गोइंग ऑन सिन्स २०११' असं नमुनेदार वाक्य पुरवत राहिला. 'सिन्स' आणि 'फॉर' यांतला फरक ज्या मुलाला वर्गात कळला नाही, त्याला माणगावच्या कोंडीत नक्की कळतो : 'सिन्स' म्हणजे पहाटे चारपासून आणि 'फॉर' म्हणजे सात तास.

मोबाइलने ही सबब आता घराघरांत पोचवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर समोरच्याच्या नावाखाली 'टायपिंग' उमटतं. आपण श्वास रोखून बघत बसतो. ते विझतं, पुन्हा उमटतं, पुन्हा विझतं आणि शेवटी येतो एक अंगठा. रस्ता ओलांडत होता, ओलांडला नाही.

मात्र सबबीच्या बाबतीत मराठीने इंग्रजीला केव्हाच मागे टाकलंय, हे अभिमानाने सांगितलं पाहिजे. इंग्रज 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणतो, म्हणजे निदान येण्याची क्रिया सुरू आहे एवढंच कबूल करतो. आपण म्हणतो 'आलोच!' थेट भूतकाळ. काम सुरू होण्याआधीच पूर्ण. आणि हे म्हणणारा अजून टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दारात रांगेला उभा असतो.

आता तक्रार. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत हा नियम गंभीरपणे दिलेला असतो. 'ही ऑलवेज लूजेस हिज कीज' ही माहिती झाली. 'ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज' म्हटलं की बोलणारा वैतागला आहे असं समजावं. म्हणजे चावी तेवढीच हरवते, तीच माणसं शोधतात, पण 'आयएनजी' लागलं की रक्तदाब वाढतो. 'कीप' हे क्रियापदही त्याच कुळातलं. 'यू कीप आस्किंग' असं कुणी म्हटलं की उत्तर मिळण्याची आशा सोडून द्यावी.

इंग्रजीत पूर्वी पुन:पुन्हा घडणाऱ्या क्रियांसाठी क्रियापदाला 'ल'कारी शेपूट लावायची पद्धत होती. एकदा तडकलं तर 'क्रॅक', तडतडत राहिलं तर 'क्रॅकल'. पाण्यातून चालणं 'वेड', तेच डुलत डुलत केलं तर 'वॉडल', जे बदकं करतात आणि जेवणानंतर आपणही. बडबडणं 'प्रेट', अखंड बडबडणं 'प्रॅटल'. आपल्याकडे ही सोय शब्द दुप्पट करून होते : कटकट, कुरकुर, भुणभुण, किरकिर. बघा, या यादीत कौतुकाचा एक शब्द सापडतो का. तेच तेच करणाऱ्याबद्दल कुठल्याच भाषेला फारसं प्रेम नसावं.

पण तक्रारीच्या बारकाव्यात मराठीचा हात कुणी धरू शकत नाही. एखादा माणूस बोलतो आहे, एवढीच घटना घ्या. तो बोलत राहिला, तर तो चिवट. बोलत बसला, तर त्याला दुसरा उद्योग नाही. बोलत सुटला, तर त्याला कुणीतरी आवरायला हवं होतं. आणि इतकी वर्षं हेच बोलत आलाय, तर तो बहुधा वक्ता म्हणून प्रसिद्ध आहे. इंग्रजीचा 'आयएनजी' घड्याळ बघतो. मराठीचं सहाय्यक क्रियापद माणसाकडे बघतं आणि लगेच मत देतं. 'ही वॉज टॉकिंग' या वाक्यावरून त्या गृहस्थांना पुन्हा बोलवावं की नाही हे कळत नाही. 'बोलत सुटले' म्हटलं की समिती पुढचं नाव काढते.

राहिली चहाडी. चहाडीसाठी आत्ता काय चाललंय हे पुरत नाही. नेहमी काय चालतं हे माहीत असावं लागतं. इथे प्रमाण इंग्रजी जरा थिटी पडते आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची इंग्रजी तिच्या पुढे जाते. त्यांच्या बोलीत 'शी इज वर्किंग' म्हणजे ती आत्ता काम करते आहे आणि 'शी बी वर्किंग' म्हणजे ती नेहमी काम करत असते. शाळामास्तर पिढ्यान् पिढ्या हे 'बी' चूक म्हणून खोडत आले. मग जॅनिस जॅक्सन या अभ्यासक बाईंनी मुलांना 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं एक चित्र दाखवलं. बिस्किटांसाठी प्रसिद्ध असलेला कुकी मॉन्स्टर आजारी पडून अंथरुणात आहे आणि एल्मो बिस्किटं खातो आहे. 'हू इज ईटिंग कुकीज' विचारल्यावर सगळ्या मुलांनी एल्मोकडे बोट दाखवलं. 'हू बी ईटिंग कुकीज' विचारल्यावर कृष्णवर्णीय मुलांनी कुकी मॉन्स्टरचं नाव घेतलं. आत्ता तो उपाशी असेल, पण खाणारा तोच. मास्तर ज्याला चूक म्हणत होते तो चोख नियम निघाला.

मराठी मुलाला हे चित्र दाखवा. 'बिस्किटं कोण खातोय?' म्हटलं तर एल्मो आणि 'बिस्किटं कोण खात असतं?' म्हटलं तर कुकी मॉन्स्टर, असं पाचवीतलं कुठलंही पोर सांगेल. आपल्या घराघरांत बिस्किटांचा डबा रिकामा झाल्यावर हाच पुरावा चालतो. बिस्कीट कुणाच्या तोंडात आहे हे न बघता ते कोण खात असतं यावर निकाल लागतो. अपील नाही.

इंग्रजीत चहाडीचा एक सभ्य प्रकारही आहे. 'ही इज पोलाइट' म्हणजे तो सज्जन आहे. 'ही इज बीइंग पोलाइट' म्हणजे सध्या सज्जनपणा चालू आहे, कारण शोधा. स्थितीला 'आयएनजी' लावला की ती तात्पुरती होते. 'आय लिव्ह इन पुणे' म्हणणाऱ्याचं इथे घर आहे. 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे' म्हणणारा सध्या आहे. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला माणूस निवृत्त झाल्यावरही दुसरंच वाक्य वापरतो आणि पेठेतले शेजारी त्याला त्या बाबतीत मनापासून पाठिंबा देतात.

याच जागी आपली आणि इंग्रजांची गाठ पडते. 'आय अ‍ॅम हॅविंग टू कार्स', 'आय अ‍ॅम नोइंग हिम', 'आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग' या वाक्यांवर आपल्याला लाल शाई मिळते. व्हेंडलरच्या हिशेबात असणं, जाणणं, समजणं या स्थिती. त्या चालू नसतात, फक्त असतात. पण मराठीत 'मला कळतंय', 'मला आवडतंय', 'मला दिसतंय' हे रोजचं. समजण्याचं काम हळूहळू चालतं असा आमचा अनुभव आहे, विशेषतः इंग्रजीच्या तासाला. निस्सिम एझिकेल यांनी या 'आयएनजी'मय इंग्रजीची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता केली आणि ती अभ्यासक्रमांतून सर्वदूर गेली. एझिकेल मुंबईचे, बेने इस्रायली घराण्यातले. इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत नेल्या. तेव्हा ही इंग्रजी कुठल्या मातीतून उगवते हे त्यांना बाहेरून बघावं लागलं नसणार. आपण त्या कवितेला वर्गात पोट धरून हसतो आणि वर्गाबाहेर आल्यावर 'सर, आय अ‍ॅम हॅविंग अ डाउट' म्हणतो.

मग २००३ साली एका अमेरिकन बर्गरवाल्या कंपनीने 'आय अ‍ॅम लव्हिंग इट' ही घोषणा जगभर लावली. मोहिमेची सुरुवात झाली म्युनिकला, जिथल्या लोकांच्या भाषेला हा काळच फारसा लागत नाही. प्रेम ही तर स्थितींची महाराणी. तिला 'आयएनजी' लावायचा नाही असं आपल्याला छडी दाखवून शिकवलेलं. कंपनीच्या चौकाचौकांतल्या पाटीवर कुठल्या मास्तरांनी लाल शाई फिरवल्याचं ऐकलं नाही. चूक कुठली आणि शैली कुठली, हे पाटी किती मोठी आहे त्यावर ठरतं.

सुटलेल्या सवयींसाठी मात्र इंग्रजीने खास पोशाख ठेवलाय : 'यूज्ड टु'. गंमत अशी की याला वर्तमानकाळ नाही. चालू सवयीला साधं क्रियापद आणि मोडलेल्या सवयीला मानाची वस्त्रं. 'देअर यूज्ड टु बी अ‍ॅन इराणी हिअर' म्हटलं की आता तिथे मोबाइलचं दुकान आहे हे सांगावं लागत नाही. हा ज्येष्ठ नागरिकांचा काळ. मराठीत तो 'जायचो, बसायचो, चहा मारायचो' असा येतो, आणि त्यात केलेल्या कुठल्याच विधानाचा साक्षीदार हयात नसतो. सबब, तक्रार आणि चहाडी या तिन्हींतून निवृत्त झालेला माणूस इथे राहायला येतो.

समजा, सरकारने एक दिवस चालू काळावर बंदी घातली. साधा भूतकाळ आणि साधा वर्तमानकाळ एवढंच बोलायचं. मंत्री म्हणतील, "रस्ता झाला नाही." कचेरीतला माणूस म्हणेल, "रिपोर्ट लिहिला नाही." बिल्डर म्हणेल, "फ्लॅट नाही." पत्रकार परिषदा दोन मिनिटांत आटोपतील. तुम्हाला वाटेल की संध्याकाळपर्यंत सबबवाले बंदी उठवा म्हणून रस्त्यावर येतील. छे! त्यांच्याकडे 'आलोच' आहे, 'केलंच समजा' आहे. त्यांचं भूतकाळातही उत्तम भागेल. खरी पंचाईत तक्रारवाल्यांची होईल. 'तू मोबाइल बघतोस' यात काय दम आहे? त्यात 'सारखा' नाही, 'बघत बसतोस' नाही, मागच्या दहा वर्षांचा हिशेब नाही. मोर्चा त्यांचाच निघेल, त्याच्या अग्रभागी प्रत्येक घरातली आई असेल आणि घोषणा असेल : "किती वेळा सांगायचं!"